दुष्काळानं कायदा दिला, पुरानं काय दिलं?



हवामान बिघडतं, माणसं दगावतात, पिकं हातची जातात. त्यानंतर लोकांचं मत बदलतं का, आणि बदललेल्या मतातून सरकारचं धोरण घडतं का, हा आजचा माझा विषय आहे. पुष्कळ विचारी माणसांची अशी समजूत असते की एखादी फार मोठी आपत्ती आली म्हणजे लोक खडबडून जागे होतील आणि हवामान बदलाकडे पाठ फिरवणं सरकारला अशक्य होईल. ही समजूत मला चुकीची वाटते. ती धोक्याचीही आहे, कारण ती आपल्याला पुढच्या आपत्तीची वाट बघत बसवते.

लोकांना काही कळत नाही, असं मात्र मुळीच नाही. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी सी-व्होटर या संस्थेबरोबर २०२२ साली भारतभर जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात ५४ टक्के लोकांनी सांगितलं की जागतिक तापमानवाढीबद्दल आम्हांला थोडंच ठाऊक आहे किंवा आम्ही कधी ऐकलेलंच नाही. पण ती काय असते हे चार वाक्यांत समजावून दिल्यावर ८४ टक्के लोक म्हणाले, हो, हे घडतंय. लातूरच्या शेतकऱ्याला किंवा हर्णैच्या खलाशाला पाऊस आणि वारा पूर्वीसारखे राहिले नाहीत हे सांगायला कुणी अभ्यासक लागत नाही. पण मत असणं आणि मागणी असणं यांत फार अंतर आहे. पाऊस बदलला हे मान्य करणारा माणूस मतदानाच्या दिवशी त्यावरून कुणाला जाब विचारेलच, असं नाही.

आणि सोसलेल्या गोष्टीचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या पूर्वीच्या भूमिकेतूनच लावतो. कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा अभ्यास हॅझलेट आणि मिल्डनबर्गर या दोघांनी २०२० साली प्रसिद्ध केला. वणव्याजवळच्या वस्त्यांत पर्यावरणाच्या बाजूनं पडणारी मतं वाढली, पण ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रभावाखालच्या भागात. रिपब्लिकन भागात आग दाराशी येऊनही फारसा फरक पडला नाही. हवामान स्वतःहून कुणाचं मतपरिवर्तन करत नाही.

मग कधी होतं? एक वेळ अशी होती, की आपल्याच राज्यात ते झालं. त्याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या घडामोडींतून शिकण्यासारखं आपण अजून पुरतं शिकलेलो नाही.

१९७२ चा दुष्काळ एकाएकी आला नव्हता. आधीच्या दोन वर्षांतही पावसानं ओढ दिली होती आणि बहात्तर साली कळस झाला. विहिरी आटल्या, गुरं मिळेल त्या भावानं गेली, अमेरिकेहून आलेला मिलो लोकांनी भाकरीला वापरला, कामावरच्या पोरांना सुकडी मिळू लागली. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या किंचित वर होती. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. म्हणजे राज्यातलं दर दहावं माणूस खडी फोडत होतं, माती उपसत होतं, पाझर तलावाच्या भरावावर पाट्या टाकत होतं.

पुढं जे झालं त्याचं मूळ मला त्या कामांमध्येच दिसतं. दुष्काळानं माणसांना घरातून काढून एका जागी आणलं. एका मुकादमाच्या हाताखाली, एकाच मस्टरवर शेकडो माणसं. मजुरी थकली की सगळ्यांची एकदम थकायची, आणि पगाराच्या दिवशी साहेब आला नाही तर सगळे मिळून तहसील कचेरीवर चालत जायचे. त्यांत भूमिहीन मजूर होते, आणि दहा-पंधरा एकर कोरडवाहू जमिनीचे मालकही होते, ज्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या मजुरीला हात लावला नव्हता. स्त्रियांची संख्या फार मोठी होती. ज्यांचा आवाज विधानसभेत ऐकला जातो आणि ज्यांचा जात नाही, असे दोन्ही वर्ग त्या उन्हाळ्यात एकाच दगडाच्या ढिगावर बसले. डाव्या पक्षांनी आणि लाल निशाण पक्षानं त्यांच्यात संघटना बांधली. तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे निघत होते. खेड्यातली भूक आणि शहरातली महागाई एकाच वेळी सरकारच्या दारात उभी होती.

दुसरी गोष्ट म्हणजे योजना तयार होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ सालीच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळ पडल्यावर विचार करायला बसावं लागलं नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या सरकारला हाताशी असलेली गोष्ट उचलायची होती.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती आपण जवळजवळ विसरलो आहोत. १९७५ साली महाराष्ट्रानं व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारानं आणि व्यावसायिकानं दरमहा थोडी रक्कम द्यायची, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला कामाची हमी द्यायची, अशी ती व्यवस्था होती. आजही पगाराच्या पावतीवर ही कपात दिसते. ती कापली जाते तेव्हा आपण कोरडवाहू मुलखाशी केलेला एक करार पाळत असतो, हे किती जणांना माहीत आहे?

१९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. दुष्काळ तर १९७३ च्या पावसानंच संपला होता. म्हणजे पाऊस पडून गेल्यावरही साडेपाच वर्षं लोकांनी ही मागणी सोडली नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. रोजगार हमीत खोटी मस्टरं झाली, मजुरी कमी राहिली, पुष्कळ कामं पुढच्या पावसात वाहून गेली, हे सगळं खरं आहे. तरीही एका अस्मानी संकटातून हक्क जन्माला आला, आणि २००५ साली देशाच्या संसदेनं रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचं उदाहरण समोर होतं.

आता त्याच २००५ सालाकडे येऊ.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. त्या आठवड्यात राज्यात हजाराहून जास्त माणसं गेली. पागेंच्या योजनेसारखी इथंही एक योजना तयार होती. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा सविस्तर अहवाल, ज्याला ब्रिमस्टोवॅड म्हणतात, तो १९९३ सालीच महापालिकेच्या हाती आला होता. जुन्या गटारांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर पावसाची आहे, ती दुप्पट करा, उदंचन केंद्रं बांधा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बारा वर्षं तो पडून राहिला. प्रलयानंतर मिठी नदीसाठी प्राधिकरण आलं, माधवराव चितळे यांच्या समितीनं २००६ साली अहवाल दिला, केंद्राकडून पैसे मंजूर झाले. पण प्रस्तावित आठ उदंचन केंद्रांपैकी मोगरा आणि माहूल ही केंद्रं दोन दशकांनंतरही उभी राहिली नव्हती.

योजना बहात्तरलाही तयार होती आणि दोन हजार पाचलाही. फरक लोकांत पडला. पूर माणसांना एकत्र आणत नाही, पांगवतो. पाणी चढलं तेव्हा लाखो लोक एकाच संकटात होते, पण तिसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या घरातला चिखल काढत होता, आपापली भिजलेली कागदपत्रं वाळवत होता, आणि त्यानंतर कामावर निघाला होता. वर्तमानपत्रांनी मुंबईकरांच्या जिद्दीचं कौतुक केलं. ते कौतुक खरं होतं. अनोळखी माणसांना घरात घेणारी, रात्रभर चहा-बिस्किटं वाटणारी माणसं मीही पाहिली आहेत. पण त्या कौतुकानं प्रश्न मागे ढकलला. जो माणूस सगळं सोसून सकाळी लोकलला लटकतो, त्याला कुणी उत्तर द्यायला बांधील राहत नाही. जिद्दीची स्तुती करणाऱ्या त्या लेखांनी मिठीच्या पात्रात भराव कुणी टाकला, खारफुटी कुणी तोडली, नदीला विमानतळाच्या धावपट्टीखालून जायला कुणी भाग पाडलं, हे विचारलं असतं तर मुंबईचं अधिक भलं झालं असतं.

इथं शास्त्राबद्दल थोडं सांगायला हवं. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यांना लागणारं बाष्प तापलेल्या अरबी समुद्रावरून येतं. वायनाडमध्ये २०२४ साली दरड कोसळली तेव्हा थोड्याच दिवसांत शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की तापमानवाढीमुळे तिथला त्या दिवसाचा पाऊस सुमारे दहा टक्क्यांनी वाढला होता. एखाद्या घटनेत तापमानवाढीचा वाटा किती, हे आता सांगता येतं. पण म्हणून सगळं आकाशावर ढकलता येत नाही. दहा टक्के वाढलेला पाऊस आणि त्या पावसाच्या वाटेत आपण बांधलेलं घर, या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा द्यावा लागतो. पूर्वी मंत्री दैवी कोप म्हणायचे, आता हवामान बदल म्हणतात. शास्त्राचा असा वापर होऊ देणं हा शास्त्रावर अन्याय आहे.

मतदार काय करतो, यावरही चांगलं संशोधन झालं आहे, आणि ते वाचून मन खिन्न होतं. हीली आणि मल्होत्रा यांनी अमेरिकेतल्या निवडणुका तपासल्या. आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सत्ताधाऱ्याला मतं मिळतात. आपत्तीच्या आधी तयारीवर खर्च करणाऱ्याला मिळत नाहीत, जरी तयारीवरचा एक डॉलर पुढं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवत असला तरी. भारतातला अभ्यासही जवळपास तेच सांगतो. पाऊस वाईट झाला की मतदार सत्ताधाऱ्याला शिक्षा करतो, मदत जोमानं झाली की शिक्षा सौम्य होते. म्हणजे आपण राजकारण्यांना धनादेश वाटायला शिकवलं आहे. हेलिकॉप्टरमधून पाहणी, हेक्टरी मदतीची घोषणा, आणि पुढच्या अधिवेशनात दुसरा विषय. निसर्ग चक्रीवादळानं २०२० च्या जूनमध्ये रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, तेव्हा कोकणातल्या लोकांनी जोर लावून मदतीचा निकष बदलून घेतला. हेक्टरऐवजी झाडागणिक भरपाई मिळाली. गुंठ्यागुंठ्यांच्या वाडीतल्या माणसाला त्यातून न्याय मिळाला. पण तोही मदतीपुरताच.

ओडिशानं मात्र वेगळं काही करून दाखवलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं मेली. मुख्यमंत्र्यांना जावं लागलं, पुढच्याच वर्षी सत्तांतर झालं. लोकांनी शिक्षा दिली, आणि ती शिक्षा नव्या सरकारच्या लक्षात राहिली. आपत्ती व्यवस्थापनासाठीचं स्वतंत्र प्राधिकरण वादळाच्याच वर्षी आलं होतं, त्यामागून किनाऱ्यावर निवारे आले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले. २०१३ च्या फायलिन वादळाआधी जवळपास दहा लाख माणसं हलवली गेली आणि मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. तयारीला मत मिळत नाही, हा नियम तिथं मोडला, कारण दहा हजार मृत्यू विसरू देणारं कुणी नव्हतं आणि वादळ पुन्हा पुन्हा येत राहिलं.

सह्याद्रीत आपण त्याच्या नेमकं उलट केलं.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीनं ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. सरकारनं तो लोकांसमोर ठेवला नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश, दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, एवढं झाल्यावर २०१२ मध्ये तो खुला झाला. त्या अहवालाचा गाभाच असा होता की संवेदनशील क्षेत्रं ग्रामसभांशी बोलून ठरवावीत. पण ग्रामसभेपर्यंत अहवाल पोचण्याआधी भीती पोचली: शेती बंद होणार, घर बांधू देणार नाहीत, जमिनी जाणार. खाणीवाल्यांना आणि बांधकामवाल्यांना ही भीती सोयीची होती, हे उघड आहे. पण डोंगरातल्या शेतकऱ्याची भीती मी खोटी मानत नाही. वनखात्याचा अनुभव घेतलेल्या माणसानं दिल्लीहून आलेल्या नकाशावर विश्वास का ठेवावा? २०१४ साली केरळातल्या इडुक्कीची लोकसभा निवडणूक याच विरोधावर लढवली आणि जिंकली गेली. २०१८ च्या महापुरात इडुक्कीचेच डोंगर जागोजाग कोसळले.

कस्तुरीरंगन समितीनं २०१३ मध्ये संवेदनशील क्षेत्र बरंच कमी करून नवा अहवाल दिला. त्यावरही मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी वायनाड गेलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, केंद्रानं पश्चिम घाटासाठीच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला. सहावा. दरड कोसळते तेव्हा मागणी करणारी माणसंच तिच्याखाली जातात. उरलेले दहा-वीस जण तात्पुरत्या पत्र्याच्या घरात राहतात आणि पुनर्वसनाच्या फायलीमागे धावतात. त्यांच्याकडून चळवळीची अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे. ती चळवळ करायची असते आपण, ज्यांच्या घरावर अजून डोंगर आलेला नाही. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. यादी कुणी केली, कधी केली, पुन्हा कधी होणार, हा प्रश्न त्यानंतर किती दिवस वर्तमानपत्रांत टिकला?

वर्तमानपत्रांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. बेस्ली आणि बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या राज्यांची तुलना करून दाखवलं आहे की जिथं वर्तमानपत्रं जास्त वाचली जातात, तिथं पीक बुडाल्यावर सरकार अधिक धान्य वाटतं. अमर्त्य सेनांनी दुष्काळमृत्यूंबद्दल जे सांगितलं त्याला ही आकड्यांची पुष्टी आहे. पण बातमीला चित्र लागतं. तडकलेली जमीन दिसते, छतावर अडकलेलं कुटुंब दिसतं. उष्णतेची लाट दिसत नाही. तिनं मेलेला माणूस घरात, पत्र्याखाली, एकटा मरतो आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिलं जातं. विदर्भातला डांबराचा मजूर किंवा मार्च-एप्रिलपर्यंत फडात राबणारी ऊसतोड कामगार बाई आपल्या नोंदींत उष्णतेचा बळी म्हणून क्वचितच येते.

म्हणून अहमदाबादचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. मे २०१० मध्ये तिथं पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या वेळी शहर आपल्या व्यवहारात होतं. पुढं संशोधकांनी सर्व कारणांनी झालेले मृत्यू आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. एवढी माणसं गेली आणि कुठं बोभाटाही झाला नव्हता. त्या आकड्यानं महापालिकेला हलवलं. २०१३ मध्ये दक्षिण आशियातली पहिली उष्णता कृती योजना तिथं सुरू झाली: तापमानाचा अंदाज आधी कळवायचा, रुग्णालयांत तयारी ठेवायची, पाण्याची सोय करायची, कामाच्या वेळा बदलायच्या. या योजनेमुळे वर्षाला हजाराहून जास्त मृत्यू टळल्याचा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला. तिथं मोर्चा निघाला नव्हता, मस्टर नव्हतं. मोजणीनं ते काम केलं. विखुरलेल्या, एकेकट्या मृत्यूंना तिनं एका कागदावर एकत्र आणलं.

पुढच्या काळातल्या आपत्ती बहुतेक याच प्रकारच्या असणार आहेत. बहात्तरसारखा वर्षभर चालणारा, राज्यातलं दर दहावं माणूस एका कामावर आणणारा दुष्काळ कदाचित येईलही. पण जास्त करून येईल ते दोन तासांत शहर बुडवणारा पाऊस, एखादीच वाडी गिळणारी दरड, काढणीच्या आठवड्यात पडणारी गारपीट, सलग दहा रात्री न उतरणारा पारा. ही संकटं माणसांना एकत्र आणणार नाहीत. एकत्र यायचं काम आपल्याला शांत दिवसांत, पाऊस नसताना करावं लागेल, आणि बहात्तरनंतर जसा शहरानं खर्चाचा वाटा उचलला तसा पुन्हा उचलावा लागेल. व्यवसाय कराला त्या वेळीही विरोध झाला असेल. तो लावण्याची हिंमत त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी दाखवली, कारण मागे संघटित लोक होते.

इथं बसलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. तुम्ही डोंगराजवळच्या गावचे असाल तर दरडप्रवण गावांची यादी येत्या ग्रामसभेत मागा, त्यात आपलं गाव आहे का पाहा, नसेल तर पाहणी कुणी आणि कधी केली हे लेखी विचारा. शहरातले असाल तर अंदाजपत्रकात पर्जन्यजलवाहिन्यांसाठी किती तरतूद होती आणि मार्चअखेर त्यातली किती खर्च झाली हे आपल्या प्रभागातल्या उमेदवाराला विचारा, आणि मत मागायला येईल त्या वेळी पुन्हा विचारा. आणि तुम्ही कुठलेही असा, आपल्या नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून गेल्या दहा वर्षांतल्या एप्रिल आणि मे महिन्यांच्या एकूण मृत्यूंचे आकडे मागवा. ते जन्म-मृत्यू नोंदवहीत आहेत. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.